रविवारची एक सकाळ मोकळी आहे, सातारा-सांगलीत पर्यावरणाचं खरं काम कुठं करता येईल?

वेण्णेकाठची

नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरीत राहते. पतसंस्थेत नोकरी, सकाळी साडेनऊला बाहेर पडते ते घरी यायला सात वाजतात, मार्चएंडला तर विचारूच नका. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. मुलगी पाचवीत, मुलगा साडेतीन वर्षांचा, सासूबाई आमच्याजवळच असतात.

खूप दिवसांपासून मनात आहे की पर्यावरणाचं काहीतरी काम नियमित करावं. पावती फाडून मोकळं व्हायचं नाहीये, हातानं करायचंय. मागच्या पावसाळ्यात एका वृक्षारोपणाला गेले होते. बॅनर, नारळ, सत्कार, भाषणं सगळं झालं आणि रोपं लावली कशी तर काळी पिशवीसुद्धा नीट फाडलेली नव्हती, तशीच खड्ड्यात ठेवून वर माती ओढली. उन्हाळ्यात मुद्दाम त्या बाजूला जाऊन बघितलं तर बांबूच्या काठ्या उभ्या आणि रोप एकही नाही. फार वाईट वाटलं. असं काम मला नकोय.

तर आठवड्यातून एक सकाळ, सहा ते नऊ-साडेनऊ. घरापासून फार लांब नको, मुलगी सोबत येऊ शकेल असं, आणि पुढच्या वर्षी जाऊन बघितलं तर तिथं काहीतरी उरलेलं असेल असं काम कुठलं? सांगलीकरांनीही सांगा, माहेर मिरजेचं आहे, अधूनमधून फेरी होते.

बाबा_वाईकर

वाचतोय. ताई, धाकट्यालाही न्या. साडेतीन वर्षांची पोरं खड्डे खणायला एक नंबर असतात, फक्त बुजवायलाही तीच पुढं असतात :)

गडवाट

अहो शाहूपुरीतून अजिंक्यतारा समोर आहे, लांब कशाला जाताय. किल्ल्यावर सकाळी श्रमदान करणारे लोक वर्षानुवर्षं आहेत, पाणी फाउंडेशनमुळे राज्यभर माहीत झालेले डॉ. अविनाश पोळ, ते मूळचे इथले दातांचे डॉक्टर, तेही किल्ल्यावर श्रमदान करणाऱ्यांतलेच. एकदा सकाळी चढून जा, हातात कॅन घेऊन चाललेली माणसं दिसतील, त्यांना विचारा. फॉर्म भरायचा नाही, फी नाही.

काम मोसमाप्रमाणं बदलतं. पावसाळ्यात लावणं. आत्ता दिवाळीनंतर रोपांच्या बुंध्याभोवतीची आळी साफ करायची, भोवतीचं गवत कापून तेच आळ्यात अंथरायचं म्हणजे ओल टिकते. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा. आणि फेब्रुवारी ते मे पाणी, पाणी आणि पाणी. जुलैत माणसांची गर्दी असते, एप्रिलमध्ये पाणी घालायला बोटावर मोजण्याइतकी उरतात. तुम्हाला खरं काम पाहिजे ना, एप्रिलमध्ये या. तीन वर्षं रोप जगवलं की मग ते आपलं आपण बघतं.

वेण्णेकाठची

@गडवाट धन्यवाद दादा, जाऊन बघते. जाळरेषा म्हणजे नेमकं काय करायचं असतं? आणि डोंगराला आग लावतं कोण, दरवर्षी यवतेश्वरच्या बाजूला रात्री लाल माळ दिसते ती बघवत नाही.

गडवाट

जाळरेषा म्हणजे गवत वाळलं की डोंगरावर एक पट्टा पूर्ण मोकळा करायचा, गवत-पालापाचोळा काहीच ठेवायचं नाही, म्हणजे खालून आलेली आग तिथं अडते. काही ठिकाणी वनखात्याची माणसं तो पट्टा आधीच जाळून घेतात, ते काम त्यांचंच, आपण विळ्यानं कापून दाताळ्यानं ओढायचं. रोपांच्या भोवती असा पट्टा केला तर वणवा आला तरी रोपं वाचतात, हे डोळ्यांनी बघितलंय. वर सगळं काळं आणि मधे हिरवा चौकोन.

आग लावणारे बरेचदा गैरसमजातून लावतात, जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं म्हणून. कोण बिडी टाकतं, कोण घाटात पार्टी करून चूल तशीच सोडतं. राख दिसते पण त्यात काय गेलं ते दिसत नाही. टिटवी, चंडोल, तित्तर यांची घरटी जमिनीवरच असतात. बिया जातात, सरडे जातात आणि पहिल्या वळवात उघडी पडलेली माती खाली येते.

विझवायला मात्र नवख्यानं जाऊ नये, मुलांना घेऊन तर अजिबात नाही. आग चढाला धावते, त्यामुळं ज्वाळेच्या वरच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, वारा पाठीवर घ्यायचा, अंगात सुती कपडे, हातात निरगुडीची ओली फांदी. आपटायची नाही, दाबून ओढायची, आपटली की ठिणग्या उडतात. हे सगळं जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकायचं असतं. तुम्ही आग दिसली की १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. तो फोन वेळेत करणं हेही कामच आहे.

आप्पा_मिरजकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. लहान पोरं, नोकरी, म्हातारी सासू, त्यात मिळाला एक रविवार. तो पोरांचा आहे. पर्यावरणाचं काम करायला डोंगरावरच जायला पाहिजे असं थोडंच आहे. ओला कचरा घरात जिरवा, पाणी जपून वापरा, गाडी कमी काढा. एवढं प्रत्येकानं केलं तरी पुष्कळ. आमच्या पिढीत संस्था-बिंस्था कुणी बघितल्या नाहीत पण बांधावरची झाडं कुणी तोडत नव्हतं.

पळसफूल

आप्पाकाका, तुमचा मुद्दा पटतो पण अर्धाच. घरातलं तर ती करत असेलच, धागा काढणारी बाई कचरा वेगळा करत नसेल असं मला नाही वाटत. पण एकट्यानं घरात बसून करण्यात आणि चार लोकांबरोबर करण्यात फरक पडतो. आमच्या सोसायटीत कचऱ्याचं खत मी एकटीच करत होते तोवर शेजारी नाक मुरडायचे. तिघीजणी झालो तसं सोसायटीनंच टाकी बांधून दिली.

आणि रविवार पोरांचा आहे हे बरोबरच आहे, म्हणूनच पोरांना घेऊन जायचंय ना तिला.

कोरेगावची_लेक

आप्पा, मला यावर बोलायचंय. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा २०१६ ला सुरू झाली तेव्हा राज्यात तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव, आणि पहिला नंबर आला आमच्याच तालुक्यातल्या वेळूचा. त्यावेळी गावोगावच्या बायका रानात चर खणायला गेल्या त्या काय मोकळ्या होत्या का? पहाटे उठून भाकरी थापून, जनावरांचं करून, मग टिकाव-घमेलं घेऊन. माझी आई होती त्यात. ती अजून सांगते की लग्न होऊन आल्यापासून सगळ्या जावा-नणंदा, वरच्या आळीतल्या खालच्या आळीतल्या, पहिल्यांदा एका ठिकाणी बसून जेवलो ते त्या चराच्या कडेला.

हिशोब सोपा आहे. एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर म्हणजे १८० लिटर पाणी. तेही एकदाच नाही, पावसाळ्यात जेवढ्या वेळा भरेल-जिरेल तेवढ्या वेळा. दोन माणसं सकाळच्या उन्हाच्या आत दोन-तीन मीटर आरामात काढतात, मुरूम फार कडक नसेल तर.

आता ताईंसाठी. स्पर्धा ४५ दिवसांची असायची, संपली. चर मात्र दरवर्षी गाळानं भरतात आणि ते उपसायला आता ढोलताशे नाहीत, ट्रॉफी नाही. अशा कामाला माणूस मिळत नाही. मे महिन्यात कुठल्याही गावात जाऊन सरपंचांना म्हणा की आम्ही चौघं आलोय, कुठला चर उपसू, ते नको म्हणणार नाहीत. मुलगी पाचवीत आहे म्हणजे घमेलं अर्धं भरून सहज उचलेल.

आणि रविवारी सकाळी स्वयंपाक कोण करणार हे घरात आधी ठरवून टाका. काम बंद पडतं ते यामुळं, डोंगर लांब आहे म्हणून नाही. नवऱ्याला पोहे करता येतात का?

वेण्णेकाठची

@कोरेगावची_लेक डोळ्यात पाणी आलं वाचून. नवऱ्याला पोहे येतात आणि माझ्यापेक्षा चांगले येतात, फक्त नाइट शिफ्ट करून आलेला असतो तेव्हा त्याला उठवायचं जिवावर येतं. सासूबाई म्हणतात मी बघते, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि धाकटा त्यांना एका जागी बसू देत नाही. हाच खरा पेच आहे.

सडाफुली

उशिरा आले धाग्यावर. मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. साताऱ्याच्या लोकांना एक हात जोडून विनंती, कुठल्याही उत्साहात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, झाडं लावायला जाऊ नका. कास, यवतेश्वरच्या वरचा भाग, चाळकेवाडी, ही पठारं उघडी दिसतात म्हणून ओसाड नाहीत. खाली जांभा, वर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. त्या बोटभर मातीत पावसाळ्याचे चार महिने जे उगवतं ते दुसरीकडं उगवत नाही. सीतेची आसवं, गेंद, कंदीलपुष्पं. डबक्यातला वायतुरा तर साताऱ्याच्या नावानंच शास्त्रात नोंदला गेलाय. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या त्यात कास आहे, ते या गवत-फुलांमुळं. तिथं निलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की सावली पडते, पाला साचतो, माती बदलते आणि फुलं संपतात.

मग काम काय? उपटणं. कॉसमॉस नावाचं पिवळं-नारिंगी फूल रस्त्याकडेनं पसरत चाललंय, दिसायला देखणं, लोक गाडी थांबवून फोटो काढतात, पण ते परदेशी तण आहे आणि आतल्या पठाराकडं सरकतंय. फुलून बी धरायच्या आत मुळासकट उपटायला लागतं, पाऊस पडून माती मऊ असली की बोटांनीसुद्धा निघतं. हे काम मुलं फार छान करतात, फक्त आधी चार स्थानिक रोपं ओळखायला शिकवायची नाहीतर तेही उपटून ठेवतात. आणि पठारावर स्वतःच्या मनानं शिरायचं नाही, कासला वनखातं आणि तिथल्या गावांची समिती आहे, त्यांना विचारून.

माणदेशी

सडाफुली ताई शंभर टक्के. फक्त सड्याला लागू आहे तेच आमच्या माळरानालाही लागू आहे हे कुणी बोलत नाही बगा. महाबळेश्वरात साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. आमच्याकडं निसर्गानंच झाडी कमी ठेवलीय. हा माळ लांडग्याचा, खोकडाचा, चंडोलाचा आणि मेंढरांचा. शहरातून गाड्या भरून येतात, जेसीबीनं खड्डे काढतात, गिरिपुष्प लावतात कारण ते लवकर हिरवं दिसतं. कुसळी गवत गेलं, पवना गवत गेलं तर मेंढपाळानं जायचं कुठं? माझं तर म्हणणं आहे झाडं लावायची बंदच करा थोडी वर्षं.

देवराष्ट्रेकर

बंदच करा हे काय पटलं नाही भावा. आमचं सागरेश्वर बघ की येऊन. बोडका डोंगर होता, धों. म. मोहिते या माणसानं ध्यास घेऊन, लोकांना आणि सरकारला बरोबर घेऊन तिथं जंगल उभं केलं. साधारण अकरा चौरस किलोमीटर. १९८५ ला अभयारण्य झालं. आज चितळ, सांबर, काळवीट फिरतात तिथं. माणसानं मुद्दाम तयार केलेलं अभयारण्य म्हणून लोक लांबून बघायला येतात. झाडं लावलीच नसती तर?

माणदेशी

सागरेश्वरला मान आहेच, धों. म. मोहित्यांना कोण नाव ठेवेल. पण त्यांनी एक दिवस येऊन झाडं लावून फोटो नाय काढला, तिथंच आयुष्य घातलं. आणि तिथला डोंगर तोडीनं, चराईनं बोडका झालेला, आमचा माळ मुळातूनच माळ. दोन्हीला एक औषध कसं चालंल.

देवराष्ट्रेकर

हां, हे मान्य. राखण केली म्हणून जगलं, ते खरंय. गुरं आत येऊ नयेत म्हणून झगडायला लागलं तेव्हा.

सडाफुली

दोघांचंही बरोबर आहे. लावायच्या आधी जागा मुळात काय होती हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. आणि लावायचंच तर वड, उंबर, करंज, बहावा, आपटा, पांगारा, घाटाकडं हिरडा, अंजनी, जांभूळ. गुलमोहर-सुबाभूळ नको.

कुपवाडकर

माझी केस ताईंच्या मिस्टरांसारखी. कुपवाड एमआयडीसीत रोटेशन शिफ्ट, रविवार मिळेलच असं नाही, त्यामुळं दर रविवारी भेटणाऱ्या ग्रुपमध्ये आपण टिकत नाही. म्हणून वेळेचं बंधन नसलेलं काम शोधलं.

एक म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी, ईबर्ड या मोबाइल ॲपवर. एका जागी पंधरा मिनिटं उभं राहून दिसलेले आणि ऐकू आलेले सगळे पक्षी मोजून टाकायचे. साळुंकी, कावळा, पारवा सगळे. फर्स्टहून सुटल्यावर, नाइटहून येताना, कधीही. दुसरं सीझनवॉच, झाडांच्या नोंदींचा उपक्रम, त्यात एक झाड आपलं म्हणून नोंदवायचं आणि आठवड्यातून एकदा बघायचं, कोवळी पानं आली का, कळी, फूल, फळ किती. आंबा, चिंच, बहावा, फणस अशी रोजची झाडं चालतात. माझं बहाव्याचं झाड कंपनीच्या गेटजवळ आहे. त्यावर माझं लक्ष असतं हे आता सिक्युरिटीवाल्या मामांना माहीत झालंय, ते आधीच सांगतात की साहेब कळ्या आल्या.

आधी मलाही वाटायचं यानं काय होतंय, माती उचलली नाही घाम आला नाही. पण फुलायची वेळ मागं-पुढं सरकतेय का, कुठला पक्षी कमी होतोय हे कळायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात आणि त्या सामान्य माणसांनीच केलेल्या असतात, सगळीकडं शास्त्रज्ञ कुठनं पुरणार.

तुमच्या मुलीसाठी आत्ताच चांगला मुहूर्त आहे, ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि बारा तारखेला सालिम अलींचा, म्हणून ते दिवस. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, तेव्हा गच्चीवरूनही भाग घेता येतो. धाकट्याला फक्त कावळे मोजायला द्या.

बाबा_वाईकर

कावळे मोजायचं काम मी पण घेतो, आमच्या घाटावर भरपूर आहेत. वाईच्या गणपतीला साक्षी ठेवून सांगतो, आकडा खोटा देणार नाही.

आयर्विन

सांगलीचं कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडं कृष्णामाई जवळ आणि कामही तिच्याच काठाला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. पाणी उतरल्यावर काठाची झाडं बघितली असतील तर कळेल, वरच्या फांद्यांपर्यंत प्लास्टिक, गाद्यांचा कापूस, साड्या, दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या. पूर मोठा नसला तरी दर पावसाळ्यानंतर कमीजास्त असंच असतं. बांबूला विळा बांधून ते काढायचं. कोवळ्या फांदीला पिशवी आवळून बसलेली असते, ओढली तर सालपटासकट निघते, म्हणून आधी कापायची मग ओढायची. ओलं प्लास्टिक जड असतं, एक पोतं भरलं की दोघांना लागतं उचलायला. सकाळच्या वेळी जातो, नदीत उतरत नाही, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत आणि खाली कुठं येतील सांगता येत नाही.

गणपतीत निर्माल्य. कुंडातलं निर्माल्य म्हणजे नुसती फुलं नसतात. हाराचा दोरा, टाचण्या, थर्माकोल, प्लास्टिकची पिशवी, अगरबत्तीचा पुडा, कुणी तर देवाच्या फुटक्या फोटोची काचही टाकतं. हातमोजे घालून हे सगळं वेगळं करायचं, मग खत होतं. साताऱ्यात संगम माहुलीला पण हे काम असणारच ताई, विचारून बघा. दाभोलकरांनी अंनिसतर्फे विसर्जित गणपती दान करा ही मोहीम चालवली, ते तर साताऱ्याचेच.

शेरीनाल्याचं मात्र पोती भरून सुटणार नाही. शहराचं सांडपाणी नदीत जातंय, त्याला शुद्धीकरण आणि पैसा लागतो, स्वयंसेवक पुरत नाहीत. तिथं निवेदन, पाठपुरावा, कोर्टकचेरी हेच. अशावेळी आपल्याला थकवा येतो, मी खोटं बोलणार नाही. सकाळी काठ साफ करून निघायचं आणि मागं वळून बघितलं तर नाल्याचं काळं पाणी येतंच असतं.

भक्तीमार्ग

आयर्विन साहेब, कामाबद्दल आदर. पण मूर्ती वाहत्या पाण्यात जावी ही आमची श्रद्धा आहे, दान वगैरे मनाला पटत नाही.

आयर्विन

श्रद्धेला धक्का नाही ओ. शाडूची लहान मूर्ती घ्या, घरी बादलीत विसर्जन करा, ते पाणी झाडांना घाला. निर्माल्य तेवढं कुंडात, नदीत नको. एवढं केलंत तरी आमच्या सगळ्यांवर उपकार.

भक्तीमार्ग

निर्माल्य कुंडातच टाकतो आम्ही. शाडूचं घरी बोलतो.

नोटीसबोर्ड

ज्यांना सकाळ मोकळी मिळतच नाही त्यांच्यासाठी. रात्री पोरं झोपल्यावर मोबाइलवर करायचं काम सांगतो, मी तेच करतो.

शहरात झाड तोडायला १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो. परवानगीआधी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, झाडावरही नोटीस लावतात. मुदत थोडी असते आणि बहुतेक वेळा कुणी हरकत घेतच नाही म्हणून परवानगी मिळून जाते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडांना वेगळं संरक्षण आहे. पेपरात जाहीर प्रगटन बघायचं, जागेवर जाऊन झाडाचा फोटो, बुंध्याचा घेर मोजायचा, जात लिहायची, आणि साध्या मराठीत हरकत द्यायची. वकील लागत नाही.

मिरज तालुक्यातल्या भोसेचा वड आठवत असेल. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता, साधारण चारशे वर्षांचा म्हणायचे. २०२० ला लोकांनी आवाज उठवला आणि रस्ता बाजूनं वळवला. दोन वर्षांनी पावसात तो पडला ते दुःख आहेच, पण लोक उभे राहिले म्हणून रस्ता वळला हेही झालं.

आप्पा_मिरजकर

भोसेचा वड मी लहानपणापासून बघितलेला. यल्लम्माचं देऊळ आहे तिथं. पडला त्या दिवशी गेलो होतो बघायला. घेर मोजायचं काम मला जमेल, मिरजेतली जुनी झाडं मला तोंडपाठ आहेत. नोटीसबोर्ड, नोंद कशी करायची तेवढं सांगा.

नोटीसबोर्ड

काका, जमिनीपासून छातीच्या उंचीवर म्हणजे साधारण साडेचार फुटांवर टेपनं घेर घ्यायचा, वहीत झाडाचं नाव, घेर, ठिकाण, आसपासची खूण आणि तुम्हाला आठवतं तेव्हा ते केवढं होतं ते. हे शेवटचं फक्त तुमच्यासारखेच लिहू शकतात.

वेण्णेकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवले. सडाफुली ताईंनी म्हाताऱ्या माणसांना विचारा लिहिलंय तिथं त्या म्हणाल्या, मग मला विचार की. त्यांचं माहेर जावळीतलं, आणि एका दमात सांगायला लागल्या. कुर्डू, भारंगी, चिचार्डी, शेवळं कुठल्या ओढ्याच्या कडेला यायचं, कुठली भाजी पहिल्या पावसात खायची, कशाला चिंचेचं पाणी घातलं नाही तर घसा खाजतो, कुठल्या झाडावर मधाची पोळी असायची आणि आता नाहीत. एवढी वर्षं एका घरात राहतो, मला यातलं काही माहीत नव्हतं. मुलगी वही घेऊन बसली त्यांच्यासमोर. याचं काही करता येतं का? मला ते नुसतं वहीत ठेवायचं नाहीये.

सडाफुली

येतं! अगदी नेमकं याचसाठी सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. गावातली झाडं, भाज्या, बियाणं, मासे, त्यांचा वापर, हे सगळं त्यात लोकांनी सांगून लिहायचं असतं. बऱ्याच गावांत ती नोंदवही घाईनं भरलेली असते, शेजारच्या गावाची नक्कल वाटावी इतकी. सासूबाईंच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जा, नोंदवही बघायला मागा आणि त्यांनी सांगितलेलं त्यात घालायला सांगा. ओढ्याचं नाव, भाजीचं स्थानिक नाव, कधी येते, कोण गोळा करतं, आता दिसते का. जमलं तर पावसाळ्यात त्यांना सोबत नेऊन फोटो. नावांची शास्त्रीय जुळवाजुळव मी करून देते, मला आनंद होईल. गुडघ्यांसाठी गाडी थेट बांधापर्यंत न्या.

कोरेगावची_लेक

म्हणजे सासूबाईंना घरी ठेवून जायचं कसं हा प्रश्नच मिटला, त्यांनाच घेऊन जायचं :)

वेण्णेकाठची

हो ना! नवऱ्याशी बोलले. त्याच्या नाइटच्या आठवड्यात मी कुठं जाणार नाही, तेव्हा पक्षी आणि घरासमोरचं करंजाचं झाड. फर्स्ट-सेकंडच्या आठवड्यात रविवारी तो धाकट्याला बघणार, मी आणि मुलगी अजिंक्यताऱ्यावर. जावळीला आम्ही सगळेच जाऊ, ते त्यानं स्वतःच सुचवलं, त्याला आजोळच्या ओढ्यातले खेकडे आठवले.

@गडवाट येत्या रविवारी आळ्यांचं काम आहे का? काय आणू?

गडवाट

आहे. सव्वासहाला चारभिंतीच्या खालच्या वळणावर. विळा, जुने सुती हातमोजे, पाण्याची बाटली, बूट घाला, चप्पल नको, गवतात कुसळं आहेत. मुलीला पूर्ण बाह्यांचा शर्ट. रिकामे पाच लिटरचे तेलाचे कॅन घरात असतील तर टाकू नका, उन्हाळ्यात पाणी न्यायला लागतात, धुऊन आणा.

प्रीतिसंगम

कराडात कुणी आहे का? मी आणि माझी बहीण आहोत, दोघींना शनिवारी सुट्टी असते, रविवारी नाही.

कुपवाडकर

कराडचा एक जण माझ्यासोबत कंपनीत आहे, तोही शनिवारवालाच. मेसेज करतो तुम्हाला.